दात पडलेले दिसले, आता कोणाला फोन करू?

स्वप्नात दात पडले की आमच्या घरात सकाळी सातपासून फोन सुरू होतात. आत्याला फोन, मोठ्या मामाला फोन, गावच्या काकूंना फोन, आणि विचारायचं तर काहीच नसतं, नुसतं "सहजच केला, बरे आहात ना सगळे?" समोरचाही आमच्यातलाच असल्यामुळे त्याला लगेच कळतं की कोणाला तरी दात दिसलेत, मग तोच विचारतो, वरचे की खालचे? कारण आमच्याकडे वरचे दात म्हणजे वडिलांकडचं माणूस जाणार, खालचे म्हणजे आईकडचं, दाढ म्हणजे म्हातारं कोणीतरी, आणि रक्त आलं असेल तर घरातलंच. स्वप्नात लग्न दिसलं तर मयत. मयत दिसली तर ज्याची दिसली त्याचं आयुष्य वाढलं. साप दिसला तर पैसा, पण चावला तर जास्त पैसा की शत्रू यावर माझ्या दोन आत्यांचं आजपर्यंत एकमत झालेलं नाही. घाण दिसली तर धनलाभ, हे मात्र सगळ्यांना मान्य आहे, तशी घाण कोणाच्या तरी स्वप्नात नेहमी असते, धन अजून यायचंय.

मला हे सगळं थोतांड म्हणून उडवून लावता येत नाही, कारण ते फोन. वर्षभर न बोलणारी माणसं एका दातापायी बोलतात. पण दुसरी बाजूही मी बघितली आहे, माझी एक मावशी असं काही दिसलं की पुढचे पंधरा दिवस मुलाला बाइक काढू द्यायची नाही, रात्री त्याची वाट बघत जिन्यात बसून राहायची, तिची झोप उडायची, आणि झोप उडाली की जी काही थोडी लागायची त्यात आणखी वाईट स्वप्नं. त्या बाईचं स्वप्नाने जेवढं वाटोळं केलं नाही तेवढं त्याच्या अर्थाने केलं.

मला स्वतःला दातांचं स्वप्न कॉलेजपासून पडतंय. एकेक दात सैल होतो, मी जिभेने चाचपते, तो सुटून येतो, मग शेजारचा, आणि तोंडात भातातले खडे भरल्यासारखं होतं, थुंकावं तर समोर माणसं बसलेली. त्याचा थोडाफार उलगडा मला डेंटिस्टकडे झाला. दाढ दुखते म्हणून गेले होते, त्यांनी आरसा घालून बघितलं आणि म्हणाले रात्री दात खाता का? मी नाही म्हटलं, सोबत आलेला नवरा हो म्हणाला. दाढांचे उंचवटे घासून सपाट झाले होते. नंतर वाचलं की 2018 साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं, दातांची स्वप्नं पडणाऱ्या लोकांमध्ये मनाच्या त्रासाशी त्या स्वप्नांचा काही संबंध सापडला नाही, सापडला तो उठल्यावर दातात-हिरड्यांत जाणवणाऱ्या ताणाशी. म्हणजे जबडा आवळलेला असतो, मेंदूला ती खबर पोचते, आणि तो झोपेतच त्यावर एक गोष्ट रचतो. झोपताना घालायचं प्लास्टिकचं कव्हर मिळालं, त्याने स्वप्न कमी झालं, गेलं नाही. परवा पडलंच. आणि मी आत्याला फोन केलाच.

आता हे जे आपलं स्वप्नफळाचं कोष्टक आहे, ते किती जुनं असावं? वाल्मीकी रामायणात भरत आजोळी आहे, अयोध्येचे दूत ज्या रात्री त्या नगरात पोचतात त्याच रात्री त्याला स्वप्न पडतं. वडील मळलेले, केस सुटलेले, डोंगराच्या कड्यावरून शेणाच्या डबक्यात पडतात, ओंजळीने तेल पितात आणि मग गाढवं जुंपलेल्या रथातून दक्षिणेकडे निघून जातात. भरत सकाळी उदास बसतो, मित्र नाचगाणी, विनोद करून त्याला हसवायला बघतात, तो हसत नाही. मग सुंदरकांडात, सीतेवर पहारा करणाऱ्या त्रिजटा राक्षसिणीचं स्वप्न येतं, तिथेही रावण मुंडण केलेला, तेल माखलेला, गाढवावर, दक्षिणेकडे. तेच तेल, तेच गाढव, तीच दिशा, म्हणजे ऐकणाऱ्यांना हे सगळं तेव्हाच पाठ होतं. आमची आई आजही स्वप्नात तेल सांडलेलं दिसलं तर दिवसभर गप्प असते. मला यात त्रिजटेची गोष्ट जास्त आवडते, कारण तिचं एकच स्वप्न राक्षसिणींना घाम फोडतं आणि सीतेला धीर देतं. कोण ऐकतंय त्यावर स्वप्न वाईट की चांगलं ते ठरलं.

पण त्याच जुन्या काळातला एक माणूस मला या सगळ्यात फार शहाणा वाटतो, तो म्हणजे आयुर्वेदातला चरक. चरकसंहितेच्या इंद्रियस्थान या भागात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छा धरलेलं, कल्पनेतलं, पुढे घडणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. आणि लगेच पुढे वैद्याला सांगितलंय की यातल्या पहिल्या पाचांना काही फळ नाही, ती सोडून दे. दिवसा पडलेली सोड, अगदी छोटी सोड, फार लांबलेलीही सोड. म्हणजे हा माणूस भविष्य सांगणारी स्वप्नं असतात असं मानतो, तरी आलेल्या पेशंटच्या स्वप्नांचा बराचसा ढीग आधी बाजूला सारतो! आपण नेमकं उलटं करतो, रात्री झोपताना मोबाइलवर अपघाताचा व्हिडिओ बघायचा, तो स्वप्नात आला की गूगलवर 'स्वप्नात अपघात दिसणे' टाकायचं. अरे, पाहिलेलं, पहिला प्रकार, फळ नाही, झोप.

"पहाटेचं स्वप्न खरं होतं" याचंही तसंच आहे. 1953 साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला तो टप्पा शोधला ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि त्याच टप्प्यात जास्तीत जास्त ठसठशीत स्वप्नं पडतात असं निघालं. हा टप्पा साधारण दर दीड तासाने येतो, रात्रीच्या सुरुवातीला जेमतेम काही मिनिटं टिकतो आणि पहाटेकडे लांबत जातो. त्यामुळे पहाटेची स्वप्नं मोठी, रंगीत, गोष्ट असलेली, आणि वर दूधवाल्याची बेल वाजून आपण त्यातूनच थेट जागे होतो म्हणून लक्षातही राहतात. रात्री बाराची स्वप्नं खोटी ठरत नाहीत, ती आठवतच नाहीत. आणि खरं होण्याचं म्हणाल तर 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्रात 11 कोटी 23 लाख माणसं होती, प्रत्येकाच्या डोक्यात रात्रीतून चार-पाच खेळ, त्यातल्या कोणाच्या तरी स्वप्नातला मामा त्याच आठवड्यात खरंच जाणार. ज्याचा गेला तो जन्मभर सांगणार. ज्याचा मामा ठणठणीत राहिला तो कशाला सांगेल?

छातीवर बसण्याची गोष्ट मात्र वेगळी, ज्याला आलाय त्यालाच तो अनुभव कळेल. आमच्या हॉस्टेलच्या मागे पिंपळ होता आणि त्यावर मुंजा आहे असं सिनियर मुलींनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. मग परीक्षेच्या दिवसांत एकेकीला रात्री जाग यायची, डोळे उघडे, खोली नीट दिसतेय, रूममेट झोपलेली दिसतेय, आणि हात हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय. मलाही झालं. स्वप्नात आपण धावतो तेव्हा खरे पाय धावू नयेत म्हणून डोळे हलण्याच्या त्याच टप्प्यात शरीराचे स्नायू सैल करून ठेवलेले असतात, कधीकधी डोकं जागं होतं आणि ती कडी निघायची राहते, काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं. जागरणं, वेळीअवेळी झोपणं, पाठीवर झोपणं, याने ते जास्त होतं. हे सगळं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर निम्मी भीती गेली असती, पूर्ण नाही, कारण पिंपळ होताच. उशाखाली अडकित्ता ठेवायचा सल्ला मिळाला, एकीने रामरक्षा शिकवली. गंमत म्हणजे रामरक्षेतच लिहिलंय की शंकराने ती बुधकौशिक ऋषींना स्वप्नात सांगितली आणि त्यांनी सकाळी उठून लिहून काढली. वाईट स्वप्नावरचा उतारासुद्धा स्वप्नातूनच आला.

(लहान मुलं रात्री पहिल्या झोपेत किंचाळून उठतात, डोळे सताड उघडे, आईला ओळखत नाहीत, आणि सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही, हे दुःस्वप्न नव्हे, ही गाढ झोपेतली अर्धवट जाग असते, बहुतेक मुलं मोठी होता होता त्यातून बाहेर पडतात. मीठमोहरी ओवाळायची तर ओवाळा, फक्त त्याला गदागदा हलवून उठवू नका. आणि याउलट वयस्कर माणूस स्वप्नात भांडता भांडता खरंच लाथा-बुक्के मारत असेल, शेजारी झोपलेल्याला लागत असेल, तर हसण्यावारी न नेता मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, ती कधीकधी पार्किन्सनसारख्या आजाराची फार आधीची खूण असते.)

आता माझ्या भावाचं सांगते, कारण मला या विषयावर लिहावंसं वाटलं ते त्याच्यामुळे.

दादाचं चिपळूणला बाजारपेठेत दुकान, वर घर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तो, वहिनी आणि आई वरच्या मजल्यावर होते. 2005 चा पूर त्यांनी बघितला होता त्यामुळे माल वरच्या फळ्यांवर चढवून ठेवला होता, पण या वेळी पाणी फळ्यांना विचारत नव्हतं. लाइट गेलेली, फोन बंद, मी इथे डोंबिवलीत टीव्हीसमोर. त्या दिवसाचं बाकी सगळं पेपरात येऊन गेलंय. पाणी उतरलं, चिखल उपसला, वह्या वाळत घातल्या, नुकसानभरपाईचे फॉर्म भरले, दादा चार महिने अगदी नीट होता, उलट आम्हालाच धीर द्यायचा. आणि दिवाळीनंतर त्याला स्वप्न पडायला लागलं.

त्याला पाणी दिसत नाही. तो म्हणाला, "आवाज येतो गं, फ्रीजचा." त्या दिवशी खालचा फ्रीज पाण्यावर तरंगायला लागला होता आणि अंधारात जिन्याच्या कठड्याला येऊन आपटत होता, टक, मग थोडा वेळ काही नाही, मग टक, आणि दर वेळी तो आवाज एक पायरी वर आलेला. तासन्‌तास. स्वप्नात एवढंच. अंधार आणि टक. आणि तो घामाने भिजून उठायचा, खाली जाऊन लाइट लावून फरशी कोरडी आहे का ते हाताने बघायचा. मग झोपच नको म्हणून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हिशोब करत बसायचा.

सगळ्यांनी अर्थ सांगितले. पाणी म्हणजे लक्ष्मी. चढतं पाणी म्हणजे भरभराट. पाणी म्हणजे पितरं, काहीतरी करायचं राहिलंय. आईने आजीचा उपाय सांगितला, वाईट स्वप्न माणसाला सांगू नये, सकाळी उठून वाहत्या पाण्याला सांगावं, ते वाहून नेतं. दादा म्हणाला, "आई, नदीला काय सांगू? तीच तर आहे स्वप्नात."

यावर हसायलाही आलं नाही कोणाला. आणि खरं सांगायचं तर या स्वप्नाचा अर्थ लावायचा काय, ते कशावर पडदा टाकून येतच नाही, त्या दिवशीचा आवाज जसाच्या तसा आणून ठेवतं. इथे मनोविश्लेषक फ्रॉइडसुद्धा अडकले होते. स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेची पूर्ती हा त्यांचा सिद्धांत 1899 च्या शेवटी छापून आला (पुस्तकावर साल मात्र 1900 घातलं होतं), आणि त्यात परीक्षेच्या स्वप्नांचीही मजेदार उकल आहे, की ही स्वप्नं पास झालेल्यांनाच पडतात, तेव्हाही घाबरला होतास आणि झालं ना पार, असा दिलासा द्यायला. मला भूमितीचा पेपर अजून पडतो, हॉलतिकीट घरी राहिलेलं असतं, त्यामुळे हे मला पटतं. पण पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक रोज रात्री त्याच खंदकात, त्याच स्फोटापाशी जाऊन किंचाळत उठायला लागले तेव्हा यात कसली आली इच्छा? 1920 साली त्यांना लिहावं लागलं की ही स्वप्नं माझ्या नियमात बसत नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाने हे छापून कबूल केलं, आपले व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्वप्नतज्ज्ञ करणार नाहीत.

दादाला शेवटी वहिनीने कौन्सेलरकडे नेलं. तो जायला तयार नव्हता, "मी काय वेडा आहे का" वगैरे झालंच. (आता सरकारचा 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदतीचा नंबरही आहे, मराठीत बोलता येतं, नुसतं विचारायलाही चालतं.) तिथल्या बाईंनी त्याला अर्थ विचारलाच नाही. त्यांनी सांगितलं, स्वप्न कागदावर लिहा, आणि मग त्याचा शेवट बदला. कसाही. खरा वाटला पाहिजे असं नाही, तुम्हाला चालेल असा. आणि ते बदललेलं स्वप्न रोज जागेपणी दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून बघा. अमेरिकेत बॅरी क्रॅको नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत बरीच तपासली, 2001 साली त्यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या 168 स्त्रियांवरचा अभ्यास छापला, त्यात ज्यांनी हे केलं त्यांची दुःस्वप्नं खरंच कमी झाली. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, आणि घाव ताजा असेल तर एकट्याने घरी करूही नये. पण मला चरक आठवला. त्याच अध्यायात तो म्हणतो, वाईट स्वप्न पडल्यावर त्याच झोपेत पुन्हा एखादं सौम्य, चांगलं स्वप्न पडलं तर फळ चांगलंच धरावं. म्हणजे शेवटचं कोणतं ते मोजायचं.

दादाने आधी शेवट लिहिला की पाणी आपोआप उतरलं. त्याला स्वतःलाच तो पटेना. मग लिहिलं की तो टॉर्च घेऊन खाली जातो, त्याला आता पोहता येतं (खऱ्यात येत नाही), तो शटर वर उचलतो, फ्रीज बाहेर पडतो आणि भर रस्त्यातून तरंगत तरंगत बहादूरशेख नाक्याच्या दिशेने जायला लागतो. दादा त्याला हात करतो आणि म्हणतो, जा बाबा, तुझे हप्ते कधीच फिटलेत. वहिनी म्हणाली हे वाचून दाखवताना तो पुरानंतर पहिल्यांदा पोट धरून हसला. स्वप्न लगेच थांबलं नाही. काही आठवड्यांनी आवाज यायचा पण जाग यायची नाही, मग अधूनमधून. जुलैत पावसाने जोर धरला की अजूनही एखादी रात्र येतेच, पण आता तो हिशोबाला बसत नाही, कूस बदलतो.

हे सगळं बघून मला वाटायला लागलं होतं की अर्थाच्या भानगडीत पडूच नये. दात आवळले म्हणून दात पडले, पूर आला म्हणून पूर दिसला, कारण शोधा, उपाय करा, संपलं. मग आईचं प्रकरण झालं.

आईला बाबा दिसायला लागले. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, इतक्या वर्षांत फारसे स्वप्नात आले नव्हते, आणि आता आठवड्यातून दोन-तीनदा, दारात उभे, बाहेर जायचे कपडे घातलेले, चप्पल पायात, आणि म्हणतात, "आवर गं, उशीर होतोय." आई दचकून उठायची, छाती धडधडत. नातेवाईकांत याचा एकच अर्थ, बोलावणं आलं. आत्या येऊन भेटून गेली, मामा येऊन भेटून गेले, सगळे इतकं गोड बोलायला लागले की आईनेच माझ्याकडे बांगड्यांचा विषय काढला, कोणत्या कोणाला.

मी तिला दवाखान्यात घेऊन गेले ते बीपीसाठी. डॉक्टरांनी फाइल चाळली, झोप कशी लागते विचारलं, स्वप्नांचं निघालं, आणि त्यांनी तारखा जुळवल्या. बीपीची गोळी बदलल्यावर दोन आठवड्यांतच बाबा यायला लागले होते. बीटा ब्लॉकर जातीच्या काही गोळ्यांनी भयंकर स्पष्ट, वाईट स्वप्नं पडू शकतात, हे माहितीतलं आहे. (कोणाची चालू असेल तर हे वाचून आपली आपण बंद करू नका, ती अचानक थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं, डॉक्टरला विचारा.) त्यांनी हळूहळू ती कमी करून दुसरी सुरू केली आणि महिन्याभरात बाबा यायचे थांबले. मी घरी विजयी मुद्रेने जाहीर केलं की बोलावणं वगैरे काही नव्हतं, साइड इफेक्ट होता. आत्या जरा हिरमुसली.

पण मला ते पुरेना. ती गोळी हजारो लोक घेत असतील, त्यांच्या दारात काय माझे बाबा येतात? दार गोळीने उघडलं असेल, पण तिथे कोणी उभं राहायचं आणि काय बोलायचं, हे तर आईनेच ठरवलं ना. आणि बाबा आयुष्यभर तेच बोलायचे. कुठेही निघताना ते तासभर आधी चप्पल घालून दारात, आणि आई आत गॅस बंद आहे का, मागचं दार लावलं का बघत फिरतेय, आणि ते ओरडतायत आवर गं. मरणाचं बोलावणं म्हणून सगळे घाबरले ते वाक्य आमच्या घरात दर रविवारी ऐकू यायचं. आईला मी हे म्हटलं तर ती म्हणाली, "हो, मला तेव्हाच वाटलं, ह्यांच्या हातात पिशवी होती, बाजाराला निघाले असणार." मग घाबरायचीस कशाला? "सगळे घाबरले होते म्हणून."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, आता झोप कशी आहे आजी? आई म्हणाली झोप चांगली आहे. मग थोडं थांबून म्हणाली, ती आधीची गोळी महिन्यातून एकदा घेतली तर चालेल का. डॉक्टर हसले, त्यांना ती चेष्टा वाटली. त्यांनी पुढचे तीन महिने नवीच गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं.